गुळ्याची गुरगुर

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याने पिटबुल जातीचं पिल्लू विकत आणलं, आणि आठवडाभरात त्याच्या ध्यानात आलं की आपण राखणदार नव्हे, भांडण विकत आणलं आहे.

त्याचं घर आणि गोदाम एकाच गल्लीत होतं. गोदामात गुळाच्या ढेपा रचलेल्या असत, आणि त्यांतल्या काही अधूनमधून पाय फुटल्यासारख्या नाहीशा होत. कुणीतरी त्याला सल्ला दिला की कुत्रा ठेवायचाच तर असा ठेवा, ज्याचं नुसतं नाव ऐकून चोर वाट बदलेल. व्यापाऱ्याने तसाच आणला. पण चोराच्या आधी ते नाव गल्लीने ऐकलं. दूधवाला दारापर्यंत येईना. आया मुलांचा हात धरून पलीकडच्या कडेने जाऊ लागल्या. पिल्लू तर एवढंसं होतं. नव्या गुळाचा रंग, कपाळावर सुरकुत्या, पंजे अंगाच्या मानाने फार मोठे. दिवसभर ते स्वतःच्या सावलीवर झडप घाली आणि दमून तिथेच झोपून जाई. पण भीती कुणाचं वय विचारत नाही.

शेवटी एका सकाळी गल्लीतली माणसं व्यापाऱ्याच्या ओट्यावर येऊन बसली. त्यांच्यात पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई होत्या. गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

"शेठ," त्या म्हणाल्या, "आज हे मांजराएवढं आहे, उद्या वासराएवढं होईल. तेव्हा याने कुणाच्या पोराचा पाय तोंडात धरला, तर तुम्ही काय करणार? गुळाची ढेप देणार भरपाई म्हणून?"

व्यापारी रोजच्या तक्रारींनी आधीच वैतागला होता. त्याने वाद घातला नाही. असं ठरलं की पिल्लू दसऱ्यापर्यंत शिकवून घ्यायचं. दसऱ्याला गल्लीतली माणसं स्वतः जाऊन पाहतील. त्या दिवशी ते माणसावर एकदा जरी गुरगुरलं, तरी ते गल्लीत परत येणार नाही.

"मग त्याचं काय करणार?" कुणीतरी विचारलं.

"घाटाखालचा एक जण अशी कुत्री घेऊन जातो," व्यापारी म्हणाला.

तो माणूस कुत्री कशासाठी नेतो, हे ओट्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. उसाच्या फडाआड झुंजी लागत. जिंकलेलं कुत्रं पुढच्या झुंजीपर्यंत जगे आणि हरलेलं तिथेच पडून राही. गिरणीवाल्या बाईंनी पदर सावरला आणि त्या उठल्या.

शहराच्या टोकाला एक म्हातारा राहत असे. पोलिसांच्या श्वानपथकात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि निवृत्तीनंतरही लोक आपली बिघडलेली, भित्री, हट्टी कुत्री त्याच्या अंगणात आणून सोडत. सगळे त्याला अप्पा म्हणत. त्याच्याकडे एक शिष्या होती. तिने महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकून पदवी घेतली होती. कुत्र्यांचं शिकून आजवर कुणाचं भलं झालंय, असं घरच्यांनी तिला विचारलं होतं. उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही, म्हणून ती इथे आली होती. तिला प्रश्न विचारल्याशिवाय काही शिकता येत नसे आणि अप्पांना प्रश्नांचा कंटाळा होता.

"अप्पा, पिल्लाला आधी बसायलाच का शिकवायचं? हाक मारल्यावर यायला आधी का नाही शिकवायचं?"

"सांगतो तेवढं कर."

"करते. पण त्याचं कारण?"

"मी सांगतोय हे कारण. गप."

यात दुष्टपणा नव्हता. अप्पांना त्यांच्या उस्तादाने असंच शिकवलं होतं, आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने. अशा गोष्टींतला म्हातारा नेहमी शहाणा असतो, तसे अप्पाही होते. पण शहाणपण असलं की ऐकून घेण्याचा धीरही असतोच, असं नाही. शिष्या रोज प्रश्न विचारी, रोज गप होई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी.

व्यापारी पिल्लाला पोत्यात गुंडाळून घेऊन आला. गल्लीशी झालेली बोली आणि घाटाखालच्या माणसाचं त्याने दोघांना आल्याआल्याच सांगितलं.

"अप्पा, हे घ्या ध्यान. दसऱ्यापर्यंत याला गाय करून द्या," तो म्हणाला. मग थोडा विचार करून पुढे म्हणाला, "अगदीच गाय नको. गोदामही राखायचंय. आमचे वडील कुत्र्याला मिरची घालून भाकरी चारायचे आणि अंधाऱ्या खोलीत बांधून ठेवायचे. कुणाला तोंड दिसू द्यायचे नाहीत. काय चावायचा तो."

"कुणाला चावला?" अप्पांनी विचारलं.

व्यापारी जरा घुटमळला. "शेवटी वडिलांनाच."

शिष्या हसली. अप्पा हसले नाहीत, पण त्यांनी पिल्लू पोत्यातून सोडवून तिच्या हातात दिलं. तिने त्याचा रंग पाहिला आणि त्याचं नाव गुळ्या ठेवलं.

पिल्लू वाढवणं हे फार दमवणारं काम आहे. ज्यांना ते गोड वाटतं, त्यांनी ते दुसऱ्याच्या घरी पाहिलेलं असतं. गुळ्याने अप्पांच्या दोन्ही वहाणा खाल्ल्या, पाण्याचा पाइप खाल्ला, केरसुणी तर मुळापासून संपवली. शिष्येच्या मनगटांवर दातांचे ओरखडे कायमचे राहिले. तिने एकदा सारवलेलं अंगण तिला पुन्हा पुन्हा सारवावं लागे. अप्पांचे गुडघे दुखत, त्यामुळे वाकायचं प्रत्येक काम तिचं होतं. दुपारी तिघेही अंगणातल्या लिंबाखाली असे पडलेले दिसत, जणू तिघांनाही कुणीतरी हरवलं आहे.

तरी एक गोष्ट तिला चैन पडू देत नव्हती. ती शिकली होती की कुत्र्याच्या पिल्लाचं मन थोडेच दिवस उघडं असतं. त्या दिवसांत त्याने जे पाहिलं ते त्याला आपलं वाटतं, आणि जे पाहिलं नाही त्याची त्याला जन्मभर धास्ती राहते. म्हणून गुळ्याला बाजारात न्यायला हवं होतं, गर्दी दाखवायला हवी होती. अप्पांची रीत वेगळी होती. एक कुत्रा, एक हात, एक आवाज. पथकात तसंच चाले.

"अप्पा, हा पथकात जाणार नाही. हा गल्लीत राहणार आहे. याला गल्ली दाखवायला नको?"

"गप."

हे बरेच दिवस चाललं. एके दिवशी अप्पांचे गुडघे जास्तच दुखत होते. ते म्हणाले, "ने बाई, ने. पण मला काही विचारत बसू नकोस."

ती त्याला रोज नेऊ लागली. गुळ्याने रिक्षाचे भोंगे ऐकले, उघडणाऱ्या छत्र्या पाहिल्या, हेल्मेट घातलेली डोकी पाहिली. काठी टेकत चालणारे म्हातारे, बुरख्यातल्या बायका, भांड्यांची टोपली घेतलेली बोहारीण, लग्नाच्या बँडमधला मोठा ढोल, रस्त्यात मधोमध बसलेली शेळी, सगळं त्याने पाहिलं. ढोलाला घाबरून तो तिच्या पायांत शिरला, तेव्हा तिने त्याला ओढलं नाही. ती त्याला घेऊन लांब जाऊन बसली आणि त्याला उकडलेल्या अंड्याचे तुकडे देत राहिली. शेवटी ढोल वाजला की तो कान टवकारून तिच्याकडे पाही, की अंडं कुठे आहे. अप्पा कुंपणाजवळ उभे राहून हे बघत. चांगलं चाललंय, असं ते म्हणाले नाहीत. पण चूक आहे असंही म्हणाले नाहीत, आणि तिने तेवढ्यावर समाधान मानलं.

मग अप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. शस्त्रक्रियेसाठी त्यांना लेकीच्या गावी जावं लागणार होतं आणि काही आठवडे तिथेच राहायचं होतं. निघायच्या दिवशी रिक्षा दाराशी उभी होती. शिष्या त्यांची पिशवी घेऊन मागे आली.

"अप्पा, एक विचारायचं होतं. तो मोठा होतोय आता. उद्या कुणावर गुरगुरला तर मी काय..."

"आता नको."

"पण दसऱ्यापर्यंत..."

"गप, म्हटलं ना. गाडी सुटेल माझी. आल्यावर बघू."

रिक्षा गेली. तिचा प्रश्न दारातच राहिला.

काही दिवसांनी बाजारात एक ओळखीचा माणूस गुळ्यापाशी थांबला. त्याने थट्टेने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. गुळ्याच्या घशातून पहिल्यांदाच तो आवाज आला. फार मोठा नव्हता, जात्यात शेवटचे चार दाणे फिरावेत तसा होता. माणूस झटक्यात मागे सरला. आजूबाजूचे थांबले. भाजीवाली म्हणाली, "शेवटी जात दाखवलीच की."

शिष्येला घाटाखालचा माणूस दिसला. तो तिने कधी पाहिला नव्हता, तरी दिसला. तिने पट्टा खसकन ओढला, गुळ्याच्या नाकावर चापट मारली आणि म्हणाली, "चूप."

गुळ्या चूप झाला.

पुन्हा एकदा तसंच झालं. पुन्हा चापट, पुन्हा चूप. नंतर कुणी त्याचा कान ओढला, कुणी त्याच्या पाठीवरून ओलांडून गेलं, कुणी त्याच्या पुढ्यातलं भांडं सरकवलं, तरी गुळ्याच्या घशातून आवाज येईना. लोक म्हणू लागले, "गाय आहे हो अगदी." तिने सुटकेचा श्वास टाकला. दसऱ्याची काळजी मिटली होती.

अप्पा काळा चष्मा लावून परत आले. तिने त्यांना बसूही दिलं नाही. गुळ्यापुढे भाकरी-दूध ठेवलं, आणि तो खात असतानाच भांडं उचलून घेतलं.

"बघा अप्पा. हूं नाही की चूं नाही."

अप्पांनी चष्मा काढला आणि खाली वाकून पाहिलं. गुळ्या खायचा थांबला होता, पण हलला नव्हता. त्याचं अंग लाकडासारखं ताठ होतं. डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसत होतं, आणि जीभ पुन्हा पुन्हा नाकावरून फिरत होती.

"हे त्याला कुणी शिकवलं?"

"मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"आजपासून त्याच्या भांड्याजवळ जाऊ नकोस."

"का? अप्पा, काय चुकलं ते तरी..."

"गप बस."

त्या दिवसापासून तिने एकही प्रश्न विचारला नाही. पाणी भरलं, अंगण सारवलं, गुळ्याला हिंडवून आणलं. काही सांगितलं की "हो अप्पा" म्हणे. अप्पांना बरं वाटलं. पोरगी शिकली आता, असं ते मनाशी म्हणाले.

इकडे अप्पांनी एक विचित्रच गोष्ट आरंभली. गुळ्याला खायला घालून ते त्याच्यापासून लांब स्टूलावर बसत. मग उठून सावकाश त्याच्या दिशेने येत. गुळ्याचं अंग ताठ झालेलं दिसलं की थांबत, एक पाऊल मागे सरत आणि पुन्हा जाऊन बसत. गुडघ्यांवर हात दाबून उठायचं, चालायचं, मागे सरायचं, कण्हत बसायचं. शिष्या लिंबाआडून बघे आणि काही बोलत नसे. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी अप्पा जवळ येताच गुळ्याच्या घशातून तोच आवाज आला. अगदी बारीक, भीत भीत आला, चापटीची वाट बघत असल्यासारखा.

अप्पा तत्काळ मागे सरले. "शाब्बास," ते म्हणाले, आणि अंड्याचा मोठा तुकडा त्याच्याकडे टाकला.

शिष्येने हे पाहिलं. इतक्या कष्टाने तिने जे बंद केलं, ते हा म्हातारा बक्षीस देऊन उघडत होता, आणि दसरा उंबरठ्यावर आला होता. तिच्या मनात विचारण्यासारखं पुष्कळ होतं. पण विचारून काय मिळतं, ते तिला माहीत झालं होतं. तिने आत जाऊन आपले कपडे पिशवीत भरले. दसऱ्याचं जे व्हायचं ते होऊ द्यायचं, आणि त्या दिवशी संध्याकाळी कुणाला न सांगता निघून जायचं, असं तिने ठरवलं. पिशवी दाराआड ठेवून ती अंगण झाडायला बाहेर आली.

दसरा आला. अप्पांनी जुन्या रिवाजाप्रमाणे पट्ट्याला आणि शिट्टीला झेंडूचं फूल वाहिलं. व्यापारी, गिरणीवाल्या बाई आणि गल्लीतली आणखी दोघंतिघं आपट्याची पानं घेऊन आली आणि अंगणात लांबच उभी राहिली.

गुळ्या आता चांगला थोराड झाला होता. कुणी त्याच्यासमोर छत्री उघडली. त्याने कान टवकारले आणि शिष्येकडे पाहिलं. कुणी काठी आपटली. तो काठीचा वास घ्यायला गेला. एकाने पत्र्याचा डबा वाजवला, तेव्हा त्याने शेपटी हलवली. गिरणीवाल्या बाईंनी भीत भीत हात पुढे केला. त्याने हाताचा वास घेतला आणि बाईंच्या बांगड्यांवर पिठाचे कण होते ते चाटले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हा तर खुळाच आहे."

सगळी सैल झाली. व्यापारी तर इतका खूश झाला की मालकी दाखवावी असं त्याला वाटलं. गुळ्यापुढे दुधाचं भांडं ठेवलेलं होतं. तो पितच होता. व्यापाऱ्याने एका हाताने मागून त्याची मान धरली आणि दुसऱ्या हाताने भांडं उचललं.

गुळ्या गुरगुरला.

अंगणात सगळे जागच्या जागी थिजले. शिष्येचा हात सवयीने चापट मारायला वर गेला.

"हात खाली," अप्पा म्हणाले. मग गुळ्याकडे पाहून म्हणाले, "शाब्बास." आणि व्यापाऱ्याला, "शेठ, मान सोडा. भांडं खाली ठेवा आणि एक पाऊल मागे या."

व्यापाऱ्याने तसं केलं. गुळ्याचं ताठरलेलं अंग सैल पडलं. त्याने अंग झाडलं, भांड्याकडे पाहिलं, ते तसंच सोडलं आणि चालत जाऊन व्यापाऱ्याच्या चपलेचा वास घेत शेपटी हलवली.

"अप्पा," व्यापारी घाम पुसत म्हणाला, "बोली झाली होती. एकदाही नाही."

"आणि तुम्ही त्याला वर शाब्बास म्हणता?" गिरणीवाल्या बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्याला वेड लागलं की काय?"

अप्पा स्टूलावर बसले. ते फार दमलेले दिसत होते.

"शेठ, तुम्ही गुऱ्हाळावर जाता. काहिलीत रस उकळायला लागला की बुडबुडे येतात, आवाज होतो. गुळव्या काय करतो? त्यावर झाकण ठेवतो?"

"झाकण कसं ठेवेल? आवाजावरून तर त्याला कळतं. नाहीतर रस उतू जाईल, माणूस भाजेल."

"मग ही गुरगुरही तशीच आहे. कुत्र्याला आपल्यासारखं बोलता येत नाही. मला भीती वाटते, माझं सहन होत नाही, जरा मागे सर, एवढं सगळं तो त्या एका आवाजात सांगतो. तो आवाज म्हणजे चावणं नव्हे. चावायचं नाही म्हणून तो आवाज असतो. आपण काय करतो? भीती तशीच ठेवतो आणि आवाज तेवढा बंद करतो. मग म्हणतो, गाय झाला. आणि एक दिवस तो काही न सांगता चावतो. तेव्हा आपण म्हणतो, अचानक चावला, जातच तशी. अचानक काही नसतं, शेठ. त्याने आधी सांगितलेलं असतं. सांगितल्याबद्दल त्याने मार खाल्लेला असतो. आज तुम्ही मान धरलीत, तरी त्याने दात लावले नाहीत. सांगितलं, वाट पाहिली, तुम्ही मागे सरलात, संपलं. याहून भरवशाचा कुत्रा मला करता येत नाही."

मग गिरणीवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे गुरगुरला की मागे सरायचं. एवढंच?"

"एवढंच. आणि जेवताना त्याच्या ताटात हात घालायचा नाही."

"तेवढं तर मी सासऱ्यांच्या बाबतीत जन्मभर पाळलं," बाई म्हणाल्या. "याच्याही बाबतीत पाळीन. पोरांना सांगते तसं. पण शेठ, त्याला अंधारात बांधलंत तर मात्र बघा. आणि त्या घाटाखालच्याला निरोप धाडा, येऊ नको म्हणावं."

व्यापाऱ्याने मान डोलावली. ठरलं असं की गुळ्या आणखी काही महिने अप्पांकडे राहील, व्यापारी रोज येऊन त्याच्याजवळ नुसता बसेल आणि मगच त्याला घरी नेईल. सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. गुळ्याने एक पान खाल्लं आणि थुंकून टाकलं. माणसं गेली.

अप्पांनी डोळे मिटले. "पोरी, चहा टाक. आणि त्याला आत घे."

शिष्या जागची हलली नाही.

"अप्पा, मला बोलायचंय."

"आता नको. दमलोय मी."

"मीही दमलेय," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "तुम्ही गावी निघालात तेव्हा मी हेच विचारत होते. हा गुरगुरला तर काय करू. तुम्ही म्हणालात, गप. तो गुरगुरला तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं, अप्पा. कुणी काही सांगू लागलं तर त्याला गप करायचं, एवढंच मी इथे शिकले होते. तेच मी त्याला शिकवलं."

अप्पांनी डोळे उघडले.

"आल्यावरही तुम्ही त्याच्यासाठी गुडघे झिजवलेत. दिवसच्या दिवस मागे सरत राहिलात, त्याचा आवाज परत यावा म्हणून. आणि मी गप झाले, तेव्हा तुम्हाला बरं वाटलं. माझी पिशवी दाराआड भरून ठेवलेली आहे. आज संध्याकाळी मी न सांगता जाणार होते. तुम्ही लोकांना सांगितलं असतंत, पोरगी अचानक गेली."

अप्पांनी दाराकडे पाहिलं. पिशवीचा बंद उंबऱ्याजवळ दिसत होता, आणि तो त्यांना इतके दिवस कसा दिसला नाही, याचं उत्तर मोतीबिंदू हे नव्हतं. डोळ्यात नवं भिंग त्याआधीच बसवून झालं होतं. त्यांनी गुळ्याकडे पाहिलं. तो दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता.

मग अप्पा गुडघ्यांवर हात दाबून कष्टाने उठले, त्यांनी स्टूल उचललं आणि एक पाऊल मागे नेऊन ठेवलं. त्यावर पुन्हा बसले.

"शाब्बास," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "विचार आता. काय विचारायचंय?"

विचारायचं इतकं साठलं होतं की तिला त्यातलं काही सापडेना. शेवटी सगळ्यांत जुना प्रश्न वर आला.

"पिल्लाला आधी बसायलाच का शिकवायचं?"

अप्पा विचार करत राहिले. लिंबाची सावली अंगणात थोडी सरकली.

"खरं सांगू? मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी उस्तादाला विचारलं होतं. तो म्हणाला, गप."

शिष्येने चहा टाकला. पिशवी तिने लगेच रिकामी केली नाही, पण दाराआडून काढून खुंटीला, सगळ्यांना दिसेल अशी टांगली.

ज्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी उलटून बोललेलं नाही, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी शांततेचं कौतुक करण्याआधी एकदा उठून दाराआड पाहून यावं.